रंगाआधीची भिंत

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने रंगकामावर काय बोलावं, असं काहींना वाटेल. म्हणून आधी आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही घर रंगवून घेतलं. होळी यायच्या आत एका खोलीत पोपडे निघाले. रंगारी मिस्त्रींना बोलावून आम्ही चांगलंच सुनावलं. त्यांनी शांतपणे एक पोपडा उचलला आणि उलटा करून दाखवला. मागे पांढरी भुकटी चिकटलेली होती. म्हणाले, "सर, रंग भिंतीला धरलाच नव्हता, जुन्या चुन्याला धरला होता. चुना सुटला, त्याच्याबरोबर रंग आला. खरवडायला दोन दिवस मागितले होते. तुम्हीच म्हणालात, पाहुणे यायच्या आत आटपा."

वर्गात आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, आणि घरी मात्र आम्ही चुकीच्या माणसाला कारण ठरवून मोकळे झालो होतो. तेव्हा आज आपण भिंतीकडे कारणांच्या बाजूने पाहू.

वाळलेल्या रंगाचा थर साधारण केसाच्या जाडीचा असतो. एवढासा थर भिंतीला सांभाळू शकत नाही. भिंतीनेच त्याला सांभाळायचं असतं. म्हणून पहिला प्रश्न कोणता रंग लावू हा नाही. भिंत कोरडी आहे का, हा आहे.

त्याची परीक्षा सोपी आहे. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले, तर ती खोलीतल्या हवेची आहे.

ओल भिंतीतली असेल, तर ती येते कुठून? इथे न्यायदर्शनातला अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो. कारण असताना कार्य असणं हा अन्वय, आणि कारण नसताना कार्य नसणं हा व्यतिरेक. दोन्ही बाजू तपासायच्या. पावसात डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की उतरतो, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा गच्ची बघा. पलीकडचं बाथरूम चार दिवस बंद ठेवल्यावर डाग उतरला, तर तिथल्या फरशीचे सांधे बघा. काहीही केलं तरी डाग तसाच राहिला, तर भिंतीतल्या पाण्याच्या पाइपाचा संशय घ्या. हे सापडेपर्यंत प्रायमरचा डबा उघडू नका. ओल बंद करणं हे प्रायमरचं काम नाही.

भिंतीला लोणा कसा लागतो? पाणी विटा-सिमेंटातले क्षार विरघळवत पृष्ठभागापर्यंत येतं, तिथे उडून जातं, आणि मागे राहिलेले स्फटिक रंगाला आतून ढकलतात. तो कोरड्या ब्रशनेच झाडावा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

आता आपल्याकडची खरी अडचण. आपण घर रंगवतो ते गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या आधी, म्हणजे भिंत पाऊस पिऊन बसलेली असते तेव्हा! हिवाळा-उन्हाळ्यात हेच काम केलं तर निम्मी भांडणं टळतील. नव्या घरात आणखी एक पथ्य पाळावं. सिमेंटचं प्लास्टर पाणी मारून झाल्यावरही किमान २८ दिवस तसंच राहू द्यावं. ताजं प्लास्टर अल्कधर्मी असतं. त्यावर ऑइलपेंट लावला, तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो.

दुसरा प्रश्न: जुना थर ठेवायचा की काढायचा? भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पूड आली, तर जुना चुना किंवा डिस्टेंपर पत्तीने पूर्ण खरवडायला हवा. पूड आली नाही, तर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग निघाला नाही, तर तो घट्ट आहे. तो काढायची गरज नाही; पॉलिश पेपरने चकाकी मोडली आणि धूळ पुसली की पुरे.

इथे एक इशारा. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा. मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नसावीत. मिस्त्रींना चांगला मास्क द्यावा, आणि कचरा झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावा.

आता क्रम. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत किंचित ओलसर करून पातळ दोन हात, वाळल्यावर बारीक पेपर, धूळ पुसून मग प्रायमर. तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर. प्रायमर करतो काय? भिंतीची कमीजास्त तहान सारखी करतो, म्हणजे रंगाला ठिगळं पडत नाहीत. आणि वरच्या थराला धरायला जागा देतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालावं. जास्त पाणी घातलं की डबा पुरवठ्याला येतो, पण पकड जाते.

हा विचार नवा नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडकावर थेट रंग लावला नाही. आधी भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेल्या मातीचे थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र.

शेवटी पैशांचं बोलू. आपण "चौरस फुटाला किती?" एवढंच विचारतो. मग दर कमी करायला जे काम दिसत नाही तेच कापलं जातं: खरवडणं, वाळू देणं, घासणं. म्हणून तयारीचे दिवस आणि तयारीची मजुरी कागदावर वेगळी लिहून घ्या. आमच्या मिस्त्रींनी ती खोली पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केली. खरवडायला त्यांना तीन दिवस लागले. तिन्ही दिवसांची मजुरी आम्ही दिली, आणि आधीच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.