संगणकाची साक्ष

पूर्वी कामगाराची हजेरी मस्टरवर लागे. तेथे खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसे. आता कित्येक कारखान्यांत बोटाचा ठसा यंत्रावर टेकला की हजेरी संगणकात जाते. त्या नोंदीवर माणसाची भाकरी अवलंबून असते. म्हणून ती नोंद पारखण्याचे शास्त्र कसे आहे, हे आम्हा कामगार-कार्यकर्त्यांना पुस्तके चाळून समजून घ्यावे लागले. तेच आज आपणांपुढे ठेवतो.

या शास्त्राला ‘कॉम्प्युटर फॉरेन्सिक्स’ म्हणतात. न्यायसहायक विज्ञानाची ही एक शाखा होय. तिचा पहिला धडा संयमाचा आहे. संगणक नुसता सुरू केला तरी त्यातल्या कित्येक नोंदी बदलतात. म्हणून मूळ तबकडीवर काही लिहिले जाणार नाही अशी योजना करून तिची हुबेहूब प्रत काढतात आणि तपास त्या प्रतीवर करतात. प्रत खरी कशावरून? तर मूळ व प्रत या दोहोंवर एकच गणित चालवून ‘हॅश’ काढतात. ‘शा-२५६’ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा येतो. मुळात एक स्वल्पविराम बदलला, तरी हॅश पार निराळा येतो.

परंतु प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढेच हॅश सांगतो. मूळ नोंद खरी होती काय, हे तो सांगत नाही. ते शोधणे हेच विद्यार्थ्याचे खरे काम. पुष्कळ यंत्रे वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवितात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. हे न जाणता कागद वाचला, तर सकाळी आठला आलेला माणूस पहाटे अडीचला आला असे दिसेल!

यंत्राच्या जोडीने कायदाही शिकावा लागतो. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा खटला घ्या. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद. पुरावा निवडणूक कचेरीतील चित्रीकरणाचा. मूळ यंत्र हजर नसेल तर प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यात ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर हॅशही नोंदवावा लागतो.

मुंबईस २००९ साली निघालेल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत हा विषय शिकवितात; गांधीनगरास तर २०२० च्या कायद्याने या विज्ञानाचे राष्ट्रीय विद्यापीठच झाले आहे. तेथील पदवीधर पोलिसांना हवेत, बँकांना हवेत, हे खरेच. पण यंत्र मालकाचे, चावी मालकाची आणि नोंद वाचणारा तज्ज्ञही मालकाचाच, तर कामगाराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? आपल्या मुलामुलींपैकी काहींनी ही विद्या घ्यावी आणि चौकशीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाही बसावे, एवढेच आमचे मागणे आहे.