घरचा पहारा

तरुणांचे व्यसन बहुधा मित्रांच्या संगतीत सुरू होते. त्याची चाहूल मात्र घराला आधी लागू शकते: बिघडलेली झोप, हिशेब न लागणारे पैसे. मूल कुठे, कोणाबरोबर असते हे ठाऊक असलेल्या घरात धोका कमी. वडिलांसाठी टपरीवरून तंबाखूची पुडी मुलालाच आणायला लावली, तर उपदेश अर्थातच फुकट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मुंबईत वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले, पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण. या दोन्ही व्यसनमुक्ती केंद्रांच्या उपचारांत कुटुंबालाही सामील करतात. राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६.