उजेडाच्या बाजारात पाटी दिसायची कशी?

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो, तरावीहची नमाज आटोपते आणि मग सोलापूरच्या विजापूर वेशीत खरा दिवस उगवतो. मीना बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. शेवया, सुकामेवा, अत्तर, बांगड्या, टोप्या, चपला. घेणारे सगळ्या पेठांतले, सगळ्या धर्मांचे. प्रत्येक गाड्यावर दिवा, डोक्यावर माळा. गड्ड्याची यात्रा सोडली तर असा झगमगाट सोलापूरकरांच्या वाट्याला क्वचितच येतो.

अशा गल्लीत, समजा, एखाद्या तरुणाने रमजानच्या तोंडावर कॉफीचे छोटेसे दुकान काढले. दिवसा गिऱ्हाईक तुरळक, धंदा सगळा रात्रीचा. म्हणून यंत्र आणि खुर्च्यांच्या पाठोपाठ सुचतो तो निऑनच्या पाटीचा खर्च. मोबाईलवर नमुने बघून होतात. वळणदार इंग्रजी अक्षरे, गुलाबी रंग, वाफाळता कप. वडील ते पाहतात आणि एवढेच म्हणतात, "बेटा, यात उजेड दिसतो. दुकान कुठे दिसतं?"

म्हातारा चुकीचे बोलत नाही. काळोख्या रस्त्यावर गुलाबी अक्षरे लांबून खुणावतात, पण जिथे शंभर दिवे आधीच पेटलेले आहेत तिथे ती एकशे एकावा दिवा होतात.

रात्र आणि कॉफी यांचे नाते मात्र जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला कॉफी पीत. तिथल्याच मोखा बंदरातून बाबा बुडन यांनी हजहून परतताना सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. त्या डोंगराला आज त्यांचेच नाव आहे. शेजारच्या कर्नाटकातून ही कॉफी सोलापुरात आली तर परकी कसली? परकी असेल तर ती पाटी.

तीही आता नावापुरतीच निऑन उरली आहे. निऑन वायू १८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधला. १९१० मध्ये जॉर्ज क्लॉद याने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याचे दिवे लावून दाखवले. काचेची नळी तापवून वाकवायची, हवा काढून वायू भरायचा आणि हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, असे ते काम. निव्वळ निऑन तांबूस नारिंगीच पेटतो. निळ्यासाठी आरगॉन आणि किंचित पारा लागतो. आज बाजारात मिळते ती सिलिकॉनच्या लवचीक पट्टीतली एलईडी, ॲक्रिलिकवर बसवलेली, बहुधा बारा व्होल्टवर चालणारी. ती हलकी, स्वस्त आणि न फुटणारी असते. दगा देतो तो अडॅप्टर. पत्र्याखाली कोंडून ठेवला तर सोलापूरचा उन्हाळा त्याला फार दिवस टिकू देत नाही. त्याला वारा लागेल, पाणी लागणार नाही अशी जागा हवी. वीजही दुकानाच्या मीटरवरूनच घ्यावी. बाजारातल्या तात्पुरत्या वायरींच्या गुंत्यात आणखी एक गाठ कशाला?

पाटी कुठे लावायची, यावर दुकानदार सहसा दुकानासमोर उभा राहून विचार करतो. गिऱ्हाईक मात्र समोर उभे राहत नाही, ते गर्दीबरोबर गल्लीतून पुढे सरकत असते. दुकानाच्या कपाळावरची पाटी त्याला तिरकी दिसते. त्यात रमजानमध्ये पुढ्यात गाडे लागतात, त्यांच्या ताडपत्र्या नेमक्या त्याच उंचीवर येतात. त्यामुळे रस्त्याला काटकोनात, ताडपत्रीच्या वर निघालेली छोटी पाटी मोठ्या पाटीपेक्षा जास्त काम करते. रस्त्यावर बाहेर काढायची तर महापालिकेची परवानगी आधी. अक्षरांचा ढोबळ हिशोब असा, की दहा फुटांवरून नीट वाचायला इंचभर उंची हवी, म्हणजे पन्नास फुटांवरून पाच इंच. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, तेव्हा थोडी जास्तच धरावी.

देवनागरी टाळताही येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. उर्दूला त्यात अडसर नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होते, त्यावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगितले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकणाऱ्या सोलापूरकराला हे नवे वाटायचे कारण नाही.

गंमत अशी, की उर्दूत कॉफी आणि काफी, म्हणजे पुरेसे, हे दोन्ही शब्द हुबेहूब सारखेच लिहितात. मराठीत फरक आहे तो डोक्यावरच्या चंद्रकोरीचा. एलईडीत तो तुकडा वेगळा जोडावा लागतो. तो विझला की दुकानावर 'काफी' पेटते. ऑर्डर देताना त्या चंद्राची जोडणी स्वतः तपासलेली बरी.

राहिला रंगाचा प्रश्न. गल्लीत वरच्या मजल्यांवर माणसे राहतात. अलीकडे रमजान आणि दहावीची परीक्षा पुढेमागेच येतात, समोरच्या खिडकीत एखादी मुलगी भूमितीची प्रमेये पाठ करत बसलेली असते. तिच्या वहीवर रात्री दोनपर्यंत गुलाबी उजेड पडू लागला तर तिची आई खाली येणारच, आणि ती येते तेव्हा बरोबर आजूबाजूच्या चार आयाही असतात. पिवळसर पांढरा रंग, प्रकाश कमी करणारे बटण आणि दिव्याचे तोंड रस्त्याकडे, एवढ्याने हे टळते. गुलाबी कप हवाच असेल तर आतल्या भिंतीवर लावावा. तिथे पोरे त्याच्यासमोर फोटो काढतील, दुकानाची जाहिरात फुकटात होईल.

बाहेरची पाटी तर एखाद्या पेंटरकडून रंगवून घेता येईल, वर एक साधा दिवा सोडला की झाले. फ्लेक्स आल्यापासून या मंडळींच्या हाताला काम कमी झाले आहे. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सुरुवातीला सिनेमाचे फलक रंगवले होते.

पैसे मोजण्याआधी एक काम करायला हवे. चांदरात सरते, ईदचा शीरखुर्मा होतो, गाडे उठतात, माळा उतरतात. गल्ली नेहमीसारखी अर्धी काळोखी होते, आणि दुकानाला पुढचे अकरा महिने तिथेच काढायचे असतात. तेव्हा रमजान लागण्यापूर्वीच्या एखाद्या साध्या रात्री, दहाच्या सुमारास, बापलेकांनी वेशीपासून दुकानापर्यंत चालत यावे. हातात पुठ्ठ्यावर लिहिलेली पाच इंची अक्षरे असावीत. लेकाने ती भिंतीवर धरावीत, वडिलांनी लांबून वाचावीत. चष्मा न लावता.