गिटारला मोकळी करणारी पेटी

डिसेंबर १९७६. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या लेकलंड शहरात ‘किस’ या रॉक बँडचा कार्यक्रम रंगात आला होता. गिटारवादक एस फ्रेली स्टेजवरच्या जिन्यावरून उतरत होता. आधारासाठी त्यानं लोखंडी कठडा धरला आणि विजेचा जबर झटका बसून तो खाली कोसळला. काही वेळानं सावरून त्यानं कार्यक्रम पुरा केला. पुढच्या वर्षी त्या प्रसंगातून ‘शॉक मी’ हे गाणं जन्माला आलं. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा लेस हार्वी मात्र एवढा नशीबवान नव्हता. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी इथं गिटार गळ्यात असताना त्याचा हात मायक्रोफोनला लागला आणि तो स्टेजवरच गेला. वय अवघं २७.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या बाहेरच्या जाळीतून थेट ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गिटारमधली घरघर कमी व्हावी म्हणून ही जोडणी लागतेच. पण ॲम्पमध्ये दोष असेल आणि अर्थिंग तुटलेलं असेल, तर त्याच तारांत वीज खेळते. मायक्रोफोन वेगळ्या लाइनवर असला, की एक हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनवर असलेल्या वादकाच्या शरीरातून सर्किट पूर्ण होतं. मधली केबलच काढून टाकली तर हा रस्ता बंद होतो. गिटारला बिनतारी करण्याचं एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं. स्टेजवर बागडता येणं ही त्यानंतरची गोष्ट.

बिनतारी मायक्रोफोन तेव्हाही होते, पण गिटारवादक त्यांच्या वाटेला जात नसत. आवाजात खरखर असे आणि सिग्नल मध्येच तुटे. न्यूयॉर्कच्या केन शेफरनं सत्तरच्या दशकाच्या मध्यावर या दोन्ही दुखण्यांवर इलाज शोधला. हा गृहस्थ आधी रॉक कलावंतांच्या प्रसिद्धीचं काम करायचा, त्यामुळे स्टेजवर काय अडतं ते त्यानं जवळून पाहिलं होतं. त्याच्या यंत्राचं नाव शेफर-वेगा डायव्हर्सिटी सिस्टिम. लेकलंडच्या घटनेनंतर ‘किस’नं ते घेतलं.

सिग्नल का तुटतो? ट्रान्समीटरमधून निघालेली रेडिओलहर रिसीव्हरपर्यंत सरळ येते, तशीच भिंतींवर आणि लोखंडी ट्रसवर आपटूनही येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना मारतात आणि तिथं आवाज गुल होतो. शेफरनं रिसीव्हरला दोन अँटेना दिल्या. एक अँटेना अशा मेलेल्या जागी सापडली, तरी दुसरीला त्याच क्षणी चांगला सिग्नल मिळण्याची शक्यता मोठी असते. यंत्र ज्या बाजूला जोर असेल ती बाजू घेतं. नावातलं ‘डायव्हर्सिटी’ ते हेच. खरखरीवरचा उपाय असा, की ट्रान्समीटरमध्ये आवाजातला लहान-मोठा फरक दाबायचा आणि रिसीव्हरमध्ये तो पुन्हा ताणून पूर्ववत करायचा. ताणताना हळू आवाज आणखी खाली जातात आणि वाटेत मिसळलेली खरखरही त्यांच्यासोबत बुडते.

मात्र हे दाबणं-ताणणं तंतोतंत जुळत नसे. आवाज थोडा दाट, थोडा धारदार होऊन बाहेर पडे, आणि वर पेटीत सिग्नल वाढवण्याची सोयही होती. ‘एसी/डीसी’ या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग याला नेमका हा दोषच भावला. गर्दीत घुसून वाजवणाऱ्या या माणसाला मोकळीक हवी होतीच; पण १९८०च्या ‘बॅक इन ब्लॅक’ या अल्बमसाठी त्यानं ही पेटी स्टुडिओतही वापरली, जिथं वायरीची काहीच अडचण नव्हती. त्या अल्बमच्या गिटारच्या आवाजात या रेडिओचा वाटा आहे. पुढे कित्येक वर्षांनी तर शेफरच्या पेटीचा फक्त आवाज देणारी, रेडिओ नसलेली प्रतिकृतीच बाजारात आली. एखाद्या यंत्राच्या वाट्याला याहून मोठा मान येत नाही, असं मला वाटतं.

केबल काढली की आणखी एक बदल होतो, आणि तो पुष्कळ वादकांच्या लक्षात उशिरा येतो. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. सहा मीटरची केबल तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपच्या कॉइलवर बरंच ओझं टाकते आणि वरच्या पट्टीतली धार बोथट करते. आपण ज्याला ‘गिटारचा आवाज’ म्हणतो, त्यात ही बोथट झालेली धार धरलेलीच असते. बिनतारी यंत्रात पिकअपला जेमतेम अर्धा मीटर वायर दिसते, म्हणून आवाज एकदम चकचकीत होतो. आता काही यंत्रांत केबलचा हा परिणाम नकलेनं परत आणण्याची सोय असते. ती जरूर वापरावी, नाहीतर ॲम्पचा ट्रेबल थोडा खाली घ्यावा. आवाज फाटका करणारे जुन्या धर्तीचे फझ पेडल थेट पिकअपशी बोलतात. मधे रिसीव्हर आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्यांची खुबी बरीचशी हरवते. तिथं मी केबलच्याच बाजूनं आहे.

बासची गोष्ट वेगळी. चार तारांच्या बासची खालची ई सुमारे ४१ हर्ट्झ, पाच तारांची खालची बी ३१ हर्ट्झ. इतक्या संथ लहरींचा पाठलाग करताना जुन्या ॲनालॉग यंत्रांचं दाबणं-ताणणं अडखळे. सूर श्वास घेतल्यासारखा फुगे आणि ओसरे. डिजिटल यंत्रांत ही भानगड बहुतेक उरलेली नाही. त्यांत आवाज दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, पण ॲम्पपासून एक मीटर लांब उभं राहिलं तरी हवेतून तेवढाच उशीर होतो. बासवाल्यांनी डिजिटलच घ्यावं, हे माझं स्पष्ट मत.

स्वस्तातली बहुतेक डिजिटल यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात या पट्ट्याला परवाना लागत नाही, आणि म्हणूनच वायफाय व ब्लूटूथही तिथंच दाटीवाटीनं राहतात. साउंड चेकला रिकाम्या सभागृहात सगळं झकास चालतं. संध्याकाळी खिशात फोन घेऊन हजार माणसं आली की सिग्नल अडखळू लागतो. माणसाच्या शरीरातलं पाणीही या लहरी शोषतं. तेव्हा रिसीव्हर गर्दीपलीकडे मिक्सरजवळ ठेवू नका. तो स्टेजवरच, वादकापासून काही पावलांवर, मधे आडोसा येणार नाही असा उंचावर ठेवा.

गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा कॉलेजच्या मैदानात जनरेटरवर वाजवणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. गिटार बिनतारी असली तरी कीबोर्ड, मायक्रोफोन आणि ॲम्प वायरीवरच असतात. वाजवायला उभं राहण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ट्रान्समीटरची बॅटरी भरलेली ठेवा आणि एक चालू केबल ॲम्पजवळ असू द्या.