ध्वनिक्षेपकाची पेटी : घरच्या घरी रचना आणि बांधणी

जुन्या रेडिओतून काढलेला एखादा सुटा ध्वनिक्षेपक, म्हणजे ज्याला आपण सारे लाउडस्पीकर म्हणतो तो, टेबलावर मोकळा ठेवून त्यातून गाणे वाजवून पाहावे. गायिकेचा आवाज ऐकू येईल, सतारीची तार ओळखू येईल. पण तबलजीचा डग्गा मात्र मैफलीतून उठून गेल्यासारखा वाटेल. आता एक मोठा जाड पुठ्ठा घ्यावा, त्याच्या मध्यभागी ध्वनिक्षेपकाच्या तोंडाएवढे भोक पाडावे आणि ध्वनिक्षेपक त्यावर घट्ट दाबून धरावा. डग्गा परत येतो. यंत्रात काहीएक बदल झालेला नाही, वीजही तेवढीच वाहत आहे. जी भर पडली ती केवळ एका पुठ्ठ्याची. यावरून असे दिसेल की, ध्वनिक्षेपक ज्यात बसवावयाचा ती पेटी ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. ती त्या उपकरणाचे अर्धे अंग आहे. आणि हे अर्धे अंग घरी तयार करता येते. प्रवर्धक किंवा तबकडी वाजविणारे यंत्र कारखान्याच्या तोडीचे करणे हौशी माणसाला सहसा परवडत नाही. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत मात्र यांत्रिक भाग विकत घेऊन बाकीचे काम करवत, सरस, कागद आणि पेन्सिल यांवर पार पाडता येते. जगभर हजारो हौशी लोक आज हे करीत आहेत.

प्रथम त्या पुठ्ठ्याने काय केले ते पाहू. ध्वनिक्षेपकात कागदाचा किंवा तत्सम हलक्या पदार्थाचा एक शंकू असतो. त्याच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असून ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत लोंबते. वेटोळ्यातून प्रवाह इकडून तिकडे वाहू लागला की ते पुढेमागे होते आणि शंकू हवेला ढकलतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक चालतात. शंकू पुढे सरला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन परस्परविरुद्ध तरंग कडेवरून वळून एकमेकांना भेटले की एकमेकांचा नाश करतात. मात्र हे सर्व स्वरांच्या बाबतीत सारखे घडत नाही. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियस तपमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे सेकंदाला ५,००० कंपने करणाऱ्या स्वराची तरंगलांबी ७ सेंटिमीटरांहून किंचित कमी, तर ५० कंपनांच्या खर्जाची जवळजवळ ७ मीटर भरते. अशा लांबलचक तरंगापुढे वीतभर शंकूची कड म्हणजे आडकाठीच नव्हे. पुठ्ठ्याने ती वाट लांबविली, एवढेच.

खर्जाची आणखी एक अडचण आहे. तेवढाच मोठा आवाज निम्म्या कंप्रतेवर काढावयाचा तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ४०० हर्ट्झच्या स्वराला जेवढी हालचाल पुरते, तिच्या शंभरपट हालचाल ४० हर्ट्झला लागते. लहान शंकूकडून खोल खर्जाची अपेक्षा करणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. त्यावर कोणत्याही जाहिरातीचा इलाज चालत नाही.

पुठ्ठ्याच्या जागी चारी बाजूंनी बंद पेटी केली तर मागचा तरंग आतच कोंडला जाईल हे उघड आहे. पण पेटीतली हवाही त्याबरोबर कोंडली जाते आणि ती स्प्रिंगप्रमाणे शंकूला विरोध करू लागते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबल्यास हा विरोध हाताला जाणवतो. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठर, आणि स्प्रिंग जितकी ताठर तितकी शंकूची स्वाभाविक कंप्रता वर चढते. तिच्या खालचे स्वर झपाट्याने क्षीण होतात. दुसरा मार्ग असा की, पेटीला एक नळी ठेवावयाची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असता ती एका ठराविक स्वरात घुमते, तद्वतच नळीतली हवा आणि पेटीतली हवा मिळून एका कंप्रतेवर डोलू लागतात आणि मागचा वाया जाणारा तरंग पुढच्याच्या मदतीला येतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या अ‍ॅल्बर्ट थुरास यांना या युक्तीचे पेटंट १९३२ साली मिळाले.

युक्ती कळली, पण माप कळले नाही. नळी किती लांब, पेटी किती मोठी, हे पुढली तीस वर्षे बहुतांशी चाचपडूनच ठरत असे. पेटी करावयाची, ऐकावयाचे, घुमते असे वाटले की नळी कापावयाची. या काळातील हौशी लोकांचे आद्य गुरू म्हणून गिल्बर्ट ब्रिग्ज यांचे नाव घेता येईल. इंग्लंडमधील यॉर्कशरचे हे गृहस्थ कापडाच्या व्यापारात होते. १९३२ साली इल्कली गावातील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला ध्वनिक्षेपक बांधला, आणि ज्या खोऱ्यात ते गाव वसले आहे त्याचेच नाव, वार्फडेल, आपल्या धंद्याला दिले. १९४८ साली त्यांनी ध्वनिक्षेपकांवर एक सुबोध पुस्तक लिहिले. पेटीच्या फळ्या स्वतःच थरथरू लागतात हे ओळखून ब्रिग्ज यांनी दोन पातळ फळ्यांच्या मध्ये कोरडी वाळू भरण्याची तोड काढली. खोलीच्या कोपऱ्यात विटांची भिंत उभारून तिचीच पेटी करण्यापर्यंतही त्यांची मजल गेली. विटांची पेटी सामानाच्या गाडीत चढविता येत नाही हे खरे, पण वाळूची युक्ती स्वस्त असून आजही उपयोगी पडते.

१९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी उलट्या बाजूने विचार केला. पेटीतली हवा ही अडचण न मानता तिलाच मुख्य स्प्रिंग का करू नये? शंकूचा कापडी आधार त्यांनी अगदी सैल ठेवला आणि त्याला सावरण्याचे काम बंद पेटीतल्या हवेकडे सोपविले. हवेची स्प्रिंग कापडापेक्षा अधिक प्रमाणबद्ध वागत असल्याने आवाजातील विकृतीही घटली. हेन्री क्लॉस यांच्या साह्याने त्यांनी हे ध्वनिक्षेपक बाजारात आणले, आणि कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला.

तथापि पेटीचे गणित हौशी माणसाच्या हाती पडले ते ऑस्ट्रेलियामुळे. तेथील अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ साली एक निबंध लिहून दाखवून दिले की, पेटीत बसविलेला ध्वनिक्षेपक हा विद्युत्‌शास्त्रातील गाळणीसारखाच आहे: खालचे स्वर अडविणारी, वरचे सोडणारी. गाळणीचे गणित तर अभियंत्यांना तोंडपाठ होते. थील यांनी नळीच्या पेटीचे २८ प्रकार कोष्टकात मांडले. निबंध ऑस्ट्रेलियातील नियतकालिकात आल्यामुळे दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७१ साली अमेरिकेत तो पुन्हा छापला गेला तेव्हा त्याचे मोल कळले. पाठोपाठ सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये बंद व नळीच्या दोन्ही पेट्यांचे विवेचन पुरे केले. कोणत्याही ध्वनिक्षेपकाचे खर्जातील वर्तन सांगणाऱ्या अंकांना आज या दोघांचेच नाव लावतात.

त्यांपैकी तीन अंक समजले की बंद पेटी आखता येते. पहिला, शंकूची मोकळ्या हवेतील स्वाभाविक कंप्रता. दुसरा, तुल्य घनफळ, म्हणजे ज्या हवेची स्प्रिंग शंकूच्या आधाराइतकीच ताठर असेल तेवढ्या हवेचे माप. तिसरा, अनुस्पंदन किती तीक्ष्ण आहे हे दाखविणारा अंक. समजा, एका ध्वनिक्षेपकाचे हे अंक अनुक्रमे ३० हर्ट्झ, ६० लिटर आणि ०.३५ आहेत. तुल्य घनफळाला पेटीच्या घनफळाने भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. पेटी २० लिटरची असेल तर ६० भागिले २० म्हणजे ३, त्यात १ मिळवून ४, वर्गमूळ २. पहिल्या आणि तिसऱ्या अंकाला या २ ने गुणावे. पेटीतील कंप्रता ६० हर्ट्झ, तीक्ष्णता ०.७०. तीक्ष्णता ०.७ च्या आसपास असली की खर्ज सपाट राहून मग सौम्यपणे उतरतो. हीच पेटी साडेसात लिटरची केली तर गुणक ३ येतो. कंप्रता ९० वर चढते, तीक्ष्णता १.०५ होते, आणि डग्गा, सारंगी, निवेदकाचा आवाज सारे एकाच सुरात घुमू लागते. दहावीच्या विद्यार्थ्याला येण्याजोगे हे गणित आहे. पूर्वी यासाठी चार पेट्या मोडाव्या लागत.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटात सुटे ध्वनिक्षेपक मिळतात, पण त्यांच्यासोबत हे अंक पुष्कळदा मिळत नाहीत. ते घरी मोजता येतात. ध्वनिक्षेपकाच्या मालिकेत १,००० ओहमचा रोध जोडून कमी-जास्त कंप्रतेचा मंद प्रवाह सोडावा. ज्या कंप्रतेवर ध्वनिक्षेपकाच्या टोकांमधील विद्युत्‌दाब सर्वांत जास्त दिसेल ती त्याची स्वाभाविक कंप्रता. मग शंकूवर मेणाचा तोललेला गोळा चिकटवून पुन्हा मोजावे. समजा, ९ ग्रॅम मेणाने कंप्रता ४० वरून ३२ वर उतरली. ४० भागिले ३२ याचा वर्ग १.५६२५, त्यातून १ वजा करून ९ ला भागले असता १६ येतात. शंकूचे हलते वस्तुमान १६ ग्रॅम झाले. ध्वनिक्षेपक न फोडता त्याच्या शंकूचे वजन करण्याची ही रीत मला फार आवडते. वस्तुमान आणि कंप्रता यांवरून आधाराचा ताठरपणा निघतो आणि त्यावरून, शंकूचा व्यास मोजून, तुल्य घनफळ. विद्युत्‌दाबाच्या त्या उंचवट्याच्या रुंदीवरून तीक्ष्णता काढतात. आज संगणकाला दोन तारा जोडून हे काम मिनिटभरात होते, पण विद्यार्थ्याने एकदा तरी मेण चिकटवून पाहावे.

सुताराकडे जाताना ध्यानात ठेवावयाचे ते हे की, सारी मापे पेटीच्या आतली असतात. बाहेरून ३० × ४० × २५ सेंटिमीटर मापाची पेटी ३० लिटरची दिसते; पण फळी १८ मिलिमीटर जाडीची असेल तर आतली मापे २६.४ × ३६.४ × २१.४ होऊन जेमतेम साडेवीस लिटर उरतात, आणि ध्वनिक्षेपकाचा चुंबक त्यातलीही थोडी जागा खातो. जाड प्लायवूड किंवा लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी चालते. दुसरीचा भुसा फार बारीक असल्याने कापताना नाकातोंडाला फडके बांधावे. सांधे सरसाने असे बुजवावे की हवा निसटू नये. आत लोकर किंवा कापूस सैलसर भरला तर मधल्या स्वरांचे प्रतिध्वनी शोषले जातात आणि शिवाय, दाबलेल्या हवेची उष्णता तंतू शोषून घेत असल्यामुळे, पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्याप्रमाणे वागते.

एकच शंकू सर्व सप्तके नीट काढू शकत नाही, म्हणून खर्जाला वूफर आणि तार स्वरांना ट्वीटर असे दोन ध्वनिक्षेपक वापरतात. (इंग्रजीत एक नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून आणि दुसरे चिमणीच्या चिवचिवाटावरून आले आहे, त्यांना मराठी प्रतिशब्द घडविण्याचा मोह मी आवरला आहे.) नाजूक ट्वीटरपासून खर्ज दूर ठेवण्यास एक धारित्र पुरते: ८ ओहमच्या ट्वीटरला ३,००० हर्ट्झच्या खाली उतार हवा असेल तर सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचे. ट्वीटरचा रोध सर्व कंप्रतांना सारखा नसल्यामुळे हे उत्तर आरंभापुरते समजावे. खरी गुंतागुंत दोघे एकाच वेळी गातात त्या पट्ट्यात असते. तेथे दोघांचे तरंग एका पावलाने चालले नाहीत तर मधेच खड्डा पडतो. १९७६ साली या प्रश्नावर महत्त्वाचा निबंध लिहिणारे सीगफ्रीड लिंक्विट्झ पोटासाठी विद्युत्‌मापनाची उपकरणे रचीत. ध्वनिक्षेपक हा त्यांचा छंद होता.

पेटी तयार झाली, वाजली. आता तिची पारख कोणी करावी? महिनाभर रंधा मारलेल्या माणसाचा कान या कामी सर्वांत कमी विश्वासाचा असतो. आपले मूल कोणाला सुंदर वाटत नाही? दोन ध्वनिक्षेपकांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, हेही वारंवार अनुभवास येते. म्हणून दोहोंचा आवाज मोजून सारखा करावा, पुढे पडदा टाकावा आणि कोणता वाजतो ते मित्राने नाणे उडवून ठरवावे. ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरगच्च श्रोत्यांपुढे प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिक्षेपकावरील ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकविले. आपल्या मालाची अशी उघड्यावर परीक्षा मांडण्यास धैर्य लागते.

शेवटी उरते ती खोली. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये उभा राहतो. काही जागी तो कानठळ्या बसवितो, काही जागी ऐकूच येत नाही. पेटीचे सर्व गणित बरोबर असूनही खर्ज पोकळ किंवा घुमट वाटला तर पेटी फोडू नये. ध्वनिक्षेपक आपल्या नेहमीच्या बैठकीवर ठेवावा, त्यातून तंबोऱ्याचा खर्ज किंवा डग्ग्याचा ठेका लावावा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीपासून पेटीच्या उंचीवर ठेवून, हळूहळू सरकत जावे. जेथे खर्ज भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल तेथे खडूने खूण करावी, आणि ध्वनिक्षेपक उचलून त्या जागी ठेवून आपण बैठकीवर परतावे.