गोल समान, तरी अयाक्स बाहेर का?

१९९६ नंतर प्रथमच चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी अ‍ॅमस्टरडॅमच्या अयाक्स संघाच्या दृष्टिपथात होती. २०१९ च्या उपांत्य फेरीत त्याने टॉटनहॅमला लंडनमध्ये १-० असे नमवले. ८ मे रोजी घरच्या मैदानावर १९ वर्षीय कर्णधार मथाइस डी लिख्ट व हकीम झियेश यांच्या गोलांमुळे मध्यंतराला २-० अशी आघाडीही होती. उत्तरार्धात मात्र लुकास मौराने तीन गोल केले. तिसरा भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला. एकूण गोलसंख्या ३-३ झाली. तथापि, तत्कालीन नियमानुसार बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ विजयी ठरे. टॉटनहॅमचे असे गोल तीन, अयाक्सचा एकच. युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये हा नियम रद्द केला. त्यानंतर अशा बरोबरीचा निकाल अतिरिक्त वेळेत, प्रसंगी पेनल्टी शूटआऊटने लावला जाऊ लागला. अयाक्सला ती संधी मिळाली नाही.