वाहनताफा सुरक्षा

एखादा कारखाना, व्यापारी पेढी, परिवहन मंडळ वा सेवासंस्था आपल्या कामासाठी बाळगीत असलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या वाहनांच्या समूहास ‘वाहनताफा’ म्हणतात. या वाहनांचे अपघात टाळण्यासाठी चालकांची निवड, त्यांच्या कामाचे तास, वाहनांची देखभाल आणि फेऱ्यांची आखणी यांवर ठेवल्या जाणाऱ्या नियंत्रणास वाहनताफा सुरक्षा ही संज्ञा लावतात. खाजगी मोटारीचा मालक केव्हा निघावे आणि कोठे थांबावे हे स्वतः ठरवितो. ताफ्यातील चालकाच्या बाबतीत हे निर्णय दुसऱ्या कोणीतरी, बहुधा कचेरीत बसून, घेतलेले असतात. या विषयाचा स्वतंत्र विचार करावा लागतो तो मुख्यतः या भेदामुळे.

चालकाची परवाना-पडताळणी, नेत्रतपासणी व प्रत्यक्ष वाहन चालवून घेतलेली परीक्षा या गोष्टी बहुतेक मोठ्या ताफ्यांत नियमाने होतात. थकव्याकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. मद्यपान श्वासपरीक्षेने ओळखता येते; थकवा मोजण्याचे तसे सुटसुटीत साधन नाही. सलग १७ तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता, १०० मिलि. रक्तात ५० मिग्रॅ. मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी खालावते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. भारतीय कायद्याने वाहनचालकास घालून दिलेली मद्यार्काची मर्यादा ३० मिग्रॅ. आहे. म्हणजेच पहाटे पाचला उठलेला आणि रात्री दहाला सुकाणूवर असलेला चालक, मद्याचा थेंबही न घेता, ही मर्यादा ओलांडल्यासारखा असतो. ताशी ८० किमी. वेगाने धावणारे वाहन दोन सेकंदांत सु. ४४ मी. अंतर कापते; डुलकी लागण्यास तेवढा वेळ पुरतो. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंतचा काळ यादृष्टीने सर्वांत धोक्याचा होय, दुपारच्या जेवणानंतरचा काळ त्याखालोखाल.

मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने (१९६१) दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम, आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत (२०२०) या अधिनियमाचा समावेश करण्यात आला. यूरोपीय समुदायाने १९७० मध्येच वेग व चालनकाल नोंदविणाऱ्या टॅकोग्राफ या उपकरणाविषयी नियम केले. भारतात तासांचे बंधन कागदावर पुष्कळ जुने असले, तरी फेरीगणिक मोबदला देण्याची पद्धत त्याच्या विरुद्ध दिशेने काम करते : जो चालक कमी झोपतो त्याच्या फेऱ्या अधिक होतात. दोन चालक दिलेल्या ट्रकमध्येही दुसरा ‘चालक’ प्रत्यक्षात परवाना नसलेला क्लीनर असल्याचे आढळते.

वाहनाच्या सुरक्षेचा पाया दैनंदिन तपासणी हा आहे. टायरांतील हवा व झीज, ब्रेक, दिवे, आरसे, काचपुशे ही तिची ठळक अंगे. वातचलित ब्रेक असलेल्या वाहनांत हवेच्या टाकीत साठणारे पाणीही काढून टाकावे लागते. तपासणीत दोष नोंदविणाऱ्या चालकाची फेरी बुडते आणि त्यासोबत भत्ताही, अशी व्यवस्था असेल, तर नोंदवहीत सर्व रकाने निर्दोष भरलेले दिसतात. किरकोळ धडकांचेही तसेच. दुरुस्तीचा खर्च पगारातून कापला जाणार असेल, तर चालक ती परस्पर उरकून घेतो आणि मोठ्या अपघाताची पूर्वसूचना देणारी माहिती व्यवस्थापनापर्यंत पोहोचतच नाही.

घाटातील उतार हे धोरणाचा सुरक्षेवर होणारा परिणाम पाहण्याचे उत्तम उदाहरण आहे. डिझेल वाचविणाऱ्या चालकास बक्षीस देण्याची प्रथा अनेक ताफ्यांत आहे. काही मालक ठराविक डिझेल देऊन उरलेले चालकाला ठेवू देतात. साहजिकच उताराला लागताच गिअर न्यूट्रलमध्ये टाकून वाहन सोडून दिले जाते. त्यामुळे एंजिनाचा रोध नाहीसा होतो व सर्व भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांचे घर्षण घटते आणि पायपट्टी दाबूनही वाहन आवरत नाही. एंजिनच बंद केले, तर ब्रेकला हवा पुरविणारा संपीडकही थांबतो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अशा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. वास्तविक आधुनिक एंजिनात गिअर ठेवून उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो, त्यामुळे न्यूट्रलमधील ही बचत फसवीच असते.

नव्या मालवाहू व प्रवासी वाहनांना ताशी ८० किमी.ची वेगमर्यादा राखणारे नियंत्रक २०१५ पासून, आणि नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थाननिर्देशक उपकरण २०१९ पासून आवश्यक करण्यात आले. त्यांतून मिळणारी माहिती कोण व कशासाठी पाहतो, यावर त्यांची उपयुक्तता ठरते. वाहन किती वेळ ‘उगाच’ थांबले हे शोधण्यासाठीच ती वापरली, तर विश्रांती घेणारा चालकच दोषी ठरतो.

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हयगयीची भरपाई मालकास द्यावी लागते, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी वारंवार लागू केले आहे. कंपनीच्या कामासाठी तिची मोटार घेऊन निघालेल्या व्यवस्थापकाकडून घडलेल्या अपघातात एक प्रवासी मरण पावला असता, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कंपनीवर उत्तरदायित्व टाकले. फौजदारी खटला मात्र बहुधा चालकावरच भरला जातो. त्याला सोळा तासांचे वेळापत्रक आखून देणारा क्वचितच आरोपी होतो. वाहतूक ठेकेदारामार्फत होत असेल, तर माल पाठविणारी कंपनी आणखी एक पायरी दूर जाते. वेळेत माल न पोहोचल्यास दंड, हे कलम ठेक्यात असते. चालकाच्या विश्रांतीचे सहसा नसते. धोकादायक रसायनांच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियमांनी (१९८९) वाहन आवश्यक सुरक्षासाधनांनी सज्ज असल्याची खात्री करण्याचे कर्तव्य माल पाठविणाऱ्यावरही टाकले असून अशा वाहनाच्या चालकास विशेष प्रशिक्षण आवश्यक केले आहे. साध्या मालासाठी तसे बंधन नसले, तरी काही कारखाने भरणीपूर्वी फाटकावरच टायर, ब्रेक व परवाना तपासतात आणि रात्रभर वाहन चालवीत आलेल्या चालकास झोप झाल्याखेरीज पुढे सोडीत नाहीत.